कबड्डीत पडलेला रेडर आणि वर आलेलं हाड: एसी सांध्याच्या दुखापतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एका गावचा 21 वर्षांचा मुलगा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पहाटे पोलीस भरतीचा सराव करायचा आणि संध्याकाळी गावच्या कबड्डी संघात रेडर म्हणून खेळायचा. सगळी कामं उजव्या हातानं. आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत जोडप्याला एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा. त्या वर्षी मुकादमाकडून दोघांच्या एका कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती आणि सोबत या मुलाच्या अर्ध्या कोयत्याचीही. भरती लांबली तर निदान हंगाम पदरात पडावा, हा हिशेब.

हे सगळं सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे निर्णय नुसता एक्स-रे बघून झाले नाहीत. भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण गोळाफेकीचे, आणि पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा. ऊसतोडीत कोयता तासन्‌तास चालवायचा, मोळी उचलून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचं. कबड्डीत तर दर चढाईला पडायचंच. तिन्हींचा भार एकाच उजव्या खांद्यावर. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

काय झालं

गणेशोत्सवातले सामने होते. पाऊस उघडून आठवडा झालेला, मैदान मुरमाड आणि वाळून टणक. चढाई करून मध्यरेषेकडे परतताना डाव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूनं घोटा धरला आणि वरून मधला खेळाडू अंगावर आला. मुलाचा उजवा हात छातीशी आवळलेला होता, त्यामुळे तो टेकवून पडणं जमलं नाही. खांद्याचं टोक सरळ जमिनीवर आपटलं.

खांद्याच्या टोकाशी पातं आणि हासळी जिथे जुळतात तो एसी सांधा. त्याची दुखापत बहुतेक वेळा अशीच होते. हात अंगालगत असताना खांद्याच्या टोकावर थेट मार बसतो. खांद्याचं पातं हातासकट खाली ढकललं जातं आणि हासळीचं हाड, म्हणजे कॉलर बोन, जागेवरच राहतं. दोघांना बांधून ठेवणारे बंध ताणले जातात किंवा तुटतात. हात लांब टेकवून पडलं तर मनगट, कोपर किंवा खांद्याचा मुख्य सांधा सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘कसा पडलास?’ हा प्रश्न मी नीट वेळ देऊन विचारतो. या मुलाला तर मी उभं राहून करूनच दाखवायला सांगितलं, आणि अर्धं निदान तिथेच झालं.

मैदानावर मात्र ‘खांदा उखळला’ असा गलका झाला. संघातल्या एकानं हात ओढून बसवायचा प्रयत्न केला. दुखणं इतकं वाढलं की मुलाला भोवळ आली. रात्री शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तेलानं चोळलं, कसलासा लेप लावला आणि खांद्यावरून काखेत घट्ट पट्टी आवळली. सकाळी बोटांना मुंग्या आल्या म्हणून आईनं स्वतःच ती पट्टी कात्रीनं कापली. या सगळ्या प्रकरणातलं पहिलं शहाणपणाचं पाऊल आईचं आहे.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. एकाच खांद्याचा, आणि झोपवून. ‘फ्रॅक्चर नाही’ असं सांगून गोळ्या आणि गळ्यात अडकवायची झोळी देऊन घरी पाठवलं. फ्रॅक्चर नव्हतंच, सांगितलं ते खरंच होतं. पण खांद्यावरचा उंचवटा तसाच होता आणि ‘हाड मोडलं नाही तर मग हे वर काय आलंय?’ याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

तपासणी

मुलगा डाव्या हातानं उजवं कोपर सावरून बसला होता. ‘सर, हात वर नाही व्हायला. रात्री कुशीवर झालं की लई दुखायलंय.’ शर्ट काढायला वेळ लागला, पण शर्ट काढल्याशिवाय आणि दोन्ही खांदे शेजारी-शेजारी बघितल्याशिवाय ही तपासणी होत नाही. बसवून, दोन्ही हात मोकळे सोडून बघायचं. झोपवलं की हाताचा भार निघून जातो आणि वर आलेलं हाड बऱ्यापैकी जागेवर दिसतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत नेमकं हेच झालं होतं.

खांद्याची गोलाई शाबूत होती. मुख्य सांधा निखळला असता तर ती गोलाई जाऊन खांदा चपटा, कोनासारखा दिसला असता आणि हात अंगापासून थोडा दूर अडकून राहिला असता. इथे गोलाईच्या वर, हासळीच्या बाहेरच्या टोकाशी उंचवटा होता. तो बोटानं दाबला की खाली जायचा आणि सोडला की पेटीच्या पट्टीसारखा वर यायचा. सगळ्यात जास्त दुखणं तिथेच, एका बोटानं दाखवता येईल इतकं नेमकं. उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे नेला की दुखणं त्याच जागी उठायचं.

मग बाकीचं एकेक करून वगळलं. हासळीच्या मधल्या भागात कुठे टोचतंय का, छातीच्या बाजूचा सांधा दुखतो का, बरगड्या, श्वास, मनगटाची नाडी. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, बोटं पसरता येतात का. मुंग्या पट्टी कापल्यावर थांबल्या होत्या, हाताच्या नसांचं काम ठीक होतं. कोपराखालून हात हळूच वर उचलून दुसऱ्या हातानं हासळी खाली दाबली, तेव्हा सांधा जागेवर आला. म्हणजे हाडाचं टोक स्नायूंच्या पडद्यातून आरपार घुसून अडकलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र बरी दिसली नाही. लेपामुळे खांद्याच्या वरच्या कातडीवर फोड आले होते, दोन फुटलेले. शस्त्रक्रिया करायची ठरली असती, तर छेद बरोबर त्याच कातडीतून द्यावा लागला असता.

एक्स-रे आणि प्रकार ठरवणं

नवीन एक्स-रे काढले. दोन्ही खांदे एकाच प्लेटवर, उभं राहून. दुसरा एसी सांध्यासाठीचा खास, ज्यात किरण 10 ते 15 अंश डोक्याच्या दिशेनं तिरके सोडतात आणि मात्रा कमी ठेवतात. खांद्याच्या नेहमीच्या मात्रेला हा छोटा सांधा जळून काळा दिसतो. तिसरा काखेतून. तो काढताना मुलगा कळवळला, पण त्याच्याशिवाय भागत नव्हतं, कारण हासळी मागच्या बाजूला सरकली असेल तर समोरून काढलेल्या एक्स-रेत ते सुटून जातं. हातात वजन देऊन काढायचा जुना एक्स-रे आम्ही काढत नाही. त्यानं दुखणं वाढतं आणि निर्णय क्वचितच बदलतो.

हासळीला खाली पात्याच्या चोचीसारख्या हाडाशी बांधणारे दोन बंध असतात. कोनॉइड आणि ट्रॅपेझॉइड. हासळीला वर उसळू न देण्याचं मुख्य काम त्यांचं. या दोन हाडांतलं अंतर बहुतेकांत 11 ते 13 मिलिमीटर असतं. या मुलाच्या डाव्या बाजूला ते 11 होतं आणि उजव्या बाजूला 19. म्हणजे 70 टक्क्यांच्या आसपास वाढ. काखेतल्या एक्स-रेत हासळी मागे गेलेली नव्हती.

या दुखापतीचे सहा प्रकार रॉकवूड यांनी 1984 मध्ये मांडले आणि आजही तीच भाषा चालते. पहिल्यात सांध्याचे बंध फक्त ताणलेले. दुसऱ्यात सांध्याचे तुटलेले, पण खालचे दोन बंध ताणावर निभावलेले. तिसऱ्यात सगळेच तुटलेले आणि अंतर निरोगी बाजूपेक्षा 25 ते 100 टक्क्यांनी वाढलेलं. चौथ्यात हासळी मागे स्नायूत घुसलेली, पाचव्यात अंतर 100 टक्क्यांच्याही वर, आणि सहाव्यात हासळी खाली गेलेली. हा सहावा अगदी विरळा. पहिल्या दोघांना झोळी आणि व्यायाम पुरतात. शेवटच्या तिघांना सहसा शस्त्रक्रिया लागते. खरा वाद तिसऱ्याचा, आणि हा मुलगा तिसऱ्यात होता.

कुणीतरी एमआरआय करून घ्यायला सांगितलं होतं आणि वडील त्यासाठी उसने पैसे गोळा करून आले होते. मी करू दिला नाही. बंध तुटलेत हे साध्या एक्स-रेवरून आणि हातानं कळत होतं. एमआरआयनं त्यात निर्णय बदलेल अशी भर पडणार नव्हती. सूज उतरल्यावरही हात उचलताना जोर लागत नसेल, म्हणजे आतले स्नायूबंध फाटल्याची शंका असेल, तर तेव्हा करू, असं ठरलं.

पर्याय

त्या दिवशी खोलीत मुलगा, आई, वडील आणि शाळेत शिक्षक असलेले मामा होते. मामांचं म्हणणं सरळ होतं. ‘प्लेट टाकून एकदाचं मोकळं करा, पोराचं भरतीचं वर्ष आहे.’ आईचा प्रश्न वेगळा. ‘डॉक्टरसाहेब, हे वर आलेलं असंच राहणार का?’ वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी एवढंच म्हणाले, ‘टोळी दिवाळी झाली की निघती.’

पहिला पर्याय शस्त्रक्रियेविना. झोळी, मग टप्प्याटप्प्यानं व्यायाम. उंचवटा राहणार, हे मी आईला तिथेच स्पष्ट सांगितलं. ‘बसेल हळूहळू’ असं म्हणून वेळ मारून नेली की दोन महिन्यांनी तोच उंचवटा बघून घरच्यांना उपचारच फसला असं वाटतं, आणि मुलगा व्यायाम सोडतो.

दुसरा, हुक प्लेट. हासळीवर पट्टी बसवायची आणि तिचा आकडा पात्याच्या टोकाखाली अडकवायचा. सांधा लगेच जागेवर येतो, एक्स-रे छान दिसतो. पण तो आकडा वरच्या हाडाला आतून घासत राहतो, म्हणून साधारण तीन-चार महिन्यांत प्लेट काढावी लागते. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया. हे कुटुंब त्या काळात साताऱ्याकडे नाहीतर कर्नाटकाच्या सीमेवर कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असणार. आमच्या भागातली किती तरी माणसं दिवाळीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. ज्या इम्प्लांटला ठरलेल्या महिन्यात बाहेर काढावंच लागतं, ते अशा माणसाच्या खांद्यात बसवताना मी दहा वेळा विचार करतो.

तिसरा, बटण आणि मजबूत दोऱ्यांनी हासळी खाली बांधणं. यात सहसा काही काढावं लागत नाही. पण हाडात भोकं पाडावी लागतात, दोरा सैल होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि नंतर सहा आठवडे हात जपावाच लागतो. संपर्काच्या खेळात परतायला चार-सहा महिने धरायचेच. ‘ऑपरेशन केलं की लवकर मोकळा’ हा मामांचा समज इथेच सुटला. आडव्या तारा ठोकण्याची जुनी पद्धत मी मोजतच नाही. त्या तारा सरकून छातीपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

पुरावा काय सांगतो तेही त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. 2015 मध्ये कॅनडातल्या अनेक केंद्रांनी मिळून हुक प्लेट आणि झोळी यांची तुलना केली. रुग्ण 83. पहिल्या तीन महिन्यांत झोळीवाले पुढे होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी हाताच्या कामात दोन्ही गटांत फरक राहिला नाही. प्लेटवाल्यांचा एक्स-रे चांगला आला, पण गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. 2018 मध्ये एडिनबर्गच्या गटानं 60 तरुण रुग्णांत बटणाच्या शस्त्रक्रियेची तशीच तुलना केली. वर्षअखेरीला कामात फरक नाही. झोळीवाल्यांपैकी काहींना मात्र त्रास राहिल्यामुळे नंतर शस्त्रक्रिया लागली, आणि हेही लपवून ठेवायचं नसतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवता येईल का, हेही मामांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण पैसे लागणार नाहीत हे शस्त्रक्रिया करण्याचं कारण होऊ शकत नाही. लागत असती तर पैशांची वाट आपण शोधली असतीच.

ते लातूरला दुसरं मतही घेऊन आले. मीच तसं सुचवलं होतं. तिथल्या सर्जननी शस्त्रक्रियेकडे कल दिला. तिसऱ्या प्रकारात, डोक्यावर हात नेऊन काम करणाऱ्या तरुणाला असा सल्ला मिळणं चूक नाही. दोन डॉक्टर इथे प्रामाणिकपणे वेगळं बोलू शकतात.

निर्णय

ठरलं ते असं. आज शस्त्रक्रिया नाही. झोळी आणि व्यायाम सुरू, आणि अठराव्या दिवशी पुन्हा पूर्ण तपासणी. ताज्या दुखापतीची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांच्या आत झालेली बरी. त्यानंतर तुटलेले बंध आपलेआप जुळण्याची आशा कमी होते आणि स्नायूबंधाचा तुकडा वापरून नवीन बंध करावा लागतो. अठरावा दिवस त्या मुदतीत बसत होता. तोवर कातडीवरचे फोडही भरून येणार होते. त्या फोडांमुळे पहिल्या आठवड्यात छेद देणं तसंही धोक्याचं होतं.

2014 मध्ये इसाकॉस या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी तिसऱ्या प्रकाराचे दोन भाग सुचवले. ज्याचं पातं उपचारानं नीट हलू लागतं तो एक, आणि ज्याचा सांधा डळमळीत राहून पातं ताळ्यावर येत नाही तो दुसरा. पहिल्या दिवशी कितीही निरखून बघा, हा भेद कळत नाही, कारण तेव्हा दुखण्यामुळे कुणाचंच पातं नीट हलत नसतं. म्हणून या प्रकारात मला पहिल्या एक्स-रेपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली तपासणी जास्त मोलाची वाटते.

पहिले अठरा दिवस

झोळी अशी बांधली की कोपराला खालून आधार मिळेल. मनगटाला अडकवलेली पट्टी असेल तर हाताचा भार खांद्यालाच ओढत राहतो. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा हलवायची. झोपताना भिंतीला टेकून अर्धवट बसतं व्हायचं आणि कोपराखाली घडी केलेली गोधडी ठेवायची. बर्फ टॉवेलात गुंडाळून एका वेळी पंधरा मिनिटं, फोडांची जागा सोडून. पॅरासिटामॉल, आणि सुरुवातीचे काही दिवस जेवणानंतर सुजेची गोळी. चोळणं, शेक, लेप पूर्ण बंद.

पात्याचा व्यायाम पहिल्याच आठवड्यात सुरू केला. झोळीतच हात ठेवून दोन्ही पाती मागे आणि किंचित खाली ओढायची, पाच मोजून सोडायची. दहाव्या दिवसापासून पुढे वाकून हात लोंबता ठेवून हलके झोके.

एसटीनं रोज येणं शक्य नव्हतं. आमच्या फिजिओथेरपिस्टनी प्रत्येक व्यायाम मुलाच्या मोबाइलवर त्याचाच करून चित्रित करून दिला, एक बरोबर आणि एक चुकीचा. आई मागून पातं बघायची आणि व्हिडिओशी पडताळायची. घरात पात्यावर नजर ठेवणारं माणूस असलं की फार फरक पडतो.

अठराव्या दिवशी

बसल्या जागी दुखणं थांबलं होतं. झोप लागत होती. हात स्वतःहून 120 अंशांपर्यंत वर जात होता. छातीवरून पलीकडे नेताना दुखायचं, पण कळवळण्याइतकं नाही. हात खाली आणताना पात्याची आतली कड पाठीपासून थोडी उचलली जात होती, आणि ‘पातं मागे धर’ म्हटल्यावर मुलगा ती सावरू शकत होता. नवीन एक्स-रेत अंतर तेवढंच, हासळी मागे गेलेली नाही. जोर लागत होता, म्हणजे आतल्या स्नायूबंधांची शंका उरली नाही.

मी म्हणालो, आता शस्त्रक्रियेचा सल्ला देत नाही. मामांनी विचारलं, ‘आणि सहा महिन्यांनी दुखलं तर?’ तर बंध नव्यानं करायची शस्त्रक्रिया तेव्हाही होते, ती थोडी मोठी असते एवढंच. दार बंद होत नाही. मुलानं स्वतः ‘व्यायाम करतो’ म्हटलं, आणि तो शब्द त्यानं पाळला.

झोळी सुटली. भिंतीवरून बोटं चढवणं, मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढणं, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि पुढे एक लिटरची. बैठका आणि धावणं सुरू ठेवायला सांगितलं. जोर मात्र बंद. आखाड्यात आणि भरतीच्या मैदानावर वाढलेल्या पोरांना हे जड जातं, कारण जोर काढता आले की आपण बरे झालो असं त्यांना वाटतं. पण जोर काढताना सगळा भार नेमका याच सांध्यातून जातो.

ऊसतोडीचा प्रश्न

सहाव्या आठवड्यात हात पूर्ण वर जात होता आणि टोळी निघायला थोडेच दिवस उरले होते. बाहेरून मुलगा बरा दिसत होता. उंचवटा सोडला तर काही कळत नव्हतं. मुकादमाचं म्हणणं, उचल घेतली आहे तर पोरगा आला पाहिजे.

मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा हा वाटतो, शस्त्रक्रियेच्या निर्णयापेक्षाही. हात वर जाणं वेगळं आणि 30-40 किलोची मोळी दिवसभर उचलून डोक्यावर घेणं वेगळं. बारा आठवड्यांच्या आत तसा भार टाकला असता तर जुळत आलेली जागा पुन्हा डळमळीत झाली असती, आणि फडावर फिजिओ नाही की एक्स-रे नाही. मी वडिलांना म्हणालो, ‘भाऊ, या हंगामापुरतं पोराला थांबवा. हा हंगाम बुडेल, खांदा राहील.’ जड काम आणि डोक्यावरचा भार बारा आठवडे पूर्ण बंद, असं स्पष्ट लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र दिलं. मोघम ‘विश्रांतीची गरज’ लिहिलेल्या कागदाला मुकादम जुमानत नाही. शेवटी याच्या जागी चुलतभाऊ अर्धा कोयता म्हणून गेला आणि तेवढी उचल त्याच्या नावावर फिरली. मुलगा आजीपाशी गावात राहिला.

मैदानात परत

तीन महिन्यांनी दोन्ही खांद्यांची ताकद जवळपास सारखी झाली होती. मग गुडघे टेकून जोर, पुढे पूर्ण जोर. गोळा आधी पाच किलोचा, तोही फेकीची पद्धत बसवण्यापुरता. चौथ्या महिन्यात पूर्ण वजनाचा.

कबड्डीला परतण्यासाठी तारीख ठरवली नव्हती, अटी ठरवल्या होत्या. सगळ्या दिशांना न दुखता हालचाल, सलग वीस जोर पातं न उचलता, आणि मऊ मातीवर दोन्ही बाजूंना पडण्याचा सराव. हा सराव संघाच्या प्रशिक्षकानी घेतला. घोटा धरल्यावर हात आवळून टोकावर आपटण्याऐवजी हात मोकळा करून पाठीवरून कसं वळायचं, ते त्यांनी दहा-दहा वेळा करून घेतलं. शिवजयंतीच्या सामन्यांत, दुखापतीनंतर पाचव्या महिन्यात, मुलगा चढाईला उतरला.

निष्पत्ती

वर्षभरानं तपासलं. उंचवटा तेवढाच आहे. आईला आता त्याची काळजी वाटत नाही, मुलाला बनियनवर तो दिसतो याचं थोडं वाटतं. हात पूर्ण वर जातो, कुशीवर झोप लागते. गोळ्याच्या बऱ्याच फेकी सलग केल्या की संध्याकाळी सांध्यावर ठणका येतो, सकाळी उतरतो. हात छातीवरून पलीकडे नेताना कधी कधी ‘कट’ असा आवाज येतो, न दुखता. पुढे या सांध्याची झीज होऊ शकते, हे त्याला सांगून ठेवलं आहे. गोळाफेकीचं अंतर पूर्वीएवढं आलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मैदानावर. खांद्याला मार बसला की ओढायचं नाही, ही एक गोष्ट प्रत्येक संघाला माहीत हवी. एसी सांधा ओढून बसत नाही. आणि मुख्य सांधा निखळला असला, तरी एक्स-रेविना ओढल्यानं हाड मोडू शकतं, नस दुखावू शकते. गमछा त्रिकोणी करून कोपरासकट हात गळ्यात अडकवा, बर्फ लावा आणि दवाखान्यात न्या. बोटं बधिर किंवा थंड पडली, श्वासाला त्रास होतोय, हाडाचं टोक मागे गेलंय किंवा कातडीला आतून टोचतंय असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

लेप आणि चोळण्यानं इथे शस्त्रक्रियेचा एक आठवडा हातातून गेलाच होता. हा मुलगा पाचव्या प्रकारातला असता तर तो आठवडा महाग पडला असता.

पहिला एक्स-रे दोन्ही खांद्यांचा, उभं राहून निघाला असता तर निदान दुसऱ्या दिवशीच झालं असतं. त्याला वेगळं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी जे आहे त्यावर होतं, फक्त मागणीच्या चिठ्ठीवर तसं लिहावं लागतं. आता आम्ही आजूबाजूच्या दवाखान्यांना खांद्याच्या मारासाठी एकच ओळ पाठवली आहे: ‘दोन्ही एसी सांधे एका प्लेटवर, उभं राहून, आणि दुखऱ्या बाजूचा काखेतून.’

कामाबद्दलचं पत्र सहाव्या आठवड्यात दिलं गेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या रुग्णाला ते पहिल्या भेटीतच मिळालं तर मुकादमाशी बोलायला घरच्यांच्या हातात महिना-दीड महिना राहतो आणि बदली माणूस शोधायला धावपळ होत नाही. या मुलाला चुलतभाऊ मिळाला. प्रत्येकाला मिळेलच असं नाही. म्हणून आता केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ एवढंच लिहून आम्ही थांबत नाही. कोण, कधी, किती महिन्यांसाठी गाव सोडणार आहे आणि तिथे कसलं ओझं उचलणार आहे, ते झोळी बांधायच्या आधी विचारतो.